नणंदेची वेणी

दुसऱ्यांच्या डोक्यावर केस बसवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र कायम रुमाल. गिऱ्हाइकांना नवल वाटायचं, पण विचारायची छाती कुणाची नव्हती. टोपवालीच्या जिभेला हाड नव्हतं.

दुकान कसलं, जिन्याखालची एक लांबट खोली. खिडकीपाशी टेबल, टेबलावर लाकडी डोकं, त्यावर ताणून बसवलेली बारीक जाळी. आकड्याने एक केस उचलायचा, जाळीतून ओढायचा, गाठ मारायची, पुढचा उचलायचा. दिवसभर हेच. मागच्या भिंतीवर खिळ्यांना केसांच्या जुड्या लटकलेल्या, काळ्याभोर, तपकिरी, पिकलेल्या, आणि प्रत्येकीच्या मुळाकडच्या टोकाला लाल दोरा. त्या दोऱ्यावर सगळा धंदा. मूळ कुठलं नि टोक कुठलं याची एकदा गल्लत झाली की उलटसुलट केस एकमेकांत अडकतात आणि चार दिवसांत टोपाचा काथ्या होतो.

येणारा माणूस टोप नंतर मागतो, आधी प्रश्न विचारतो. हेल्मेटने गेले का हो? "हेल्मेट डोकं वाचवतं, केस खात नाही." चकोट केलं की दाट येतात म्हणे? "मग जगात एकही टकला उरला नसता की!" आईकडून येतं का बापाकडून? "दोघांकडूनही येतं. एकालाच शिव्या घालू नका." बाळंतपणानंतर मूठमूठ गळतात म्हणून रडत आलेलीला ती खुर्चीत बसवायची, पाणी द्यायची. "येतील गं बाई. फणीकडे बघत बसू नकोस." आणि डोक्यावर गोल चकत्या पडलेल्या माणसाची तर ती थट्टाही करायची नाही. "याला चाई म्हणतात. तुमचा काही दोष नाही," एवढं सांगून कोपऱ्यावरच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडायची. या बाबतीत ती खोटं बोलत नसे. एकदाच बोलली, आणि कुणाशी बोलली तेच तर सांगायचंय.

तिचे केस तापाने गेले असं तिचा नवरा सगळ्यांना सांगायचा. ताप कसला! ताप आला होता खरा, लग्नानंतर लवकरच. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागले, तेही खरं. मोठ्या तापानंतर ते गळतातच, आणि गुपचूप परतही येतात. पण तेव्हा तिला कुठलं माहीत? आणि घरात होती थोरली नणंद. गुडघ्याला टेकेल एवढी वेणी, मनगटाएवढी जाड, आणि त्या वेणीचा तोरा असा की जणू सगळ्या खानदानाचे केस तिनेच उगवलेत. कुणाला काही विचारायच्या आत सल्ला तयार. तिने ठेचलेल्या लसणाचा लगदा भावजयीच्या टाळूवर थापला आणि वर फडकं गच्च आवळलं.

"ताई, फार झोंबतंय हो."

"झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. सकाळपर्यंत सोडायचं नाही, सांगून ठेवते."

सकाळी फडक्याबरोबर कातडी निघाली. बाकीचे केस पुढे सगळे आले, पण टाळूवर तळहाताएवढा भाजल्याचा व्रण राहिला तो राहिला. भाजून मेलेल्या कातडीवर केस उगवत नाहीत.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी तिने गिळलं असतं. पण नणंदेने नवं घर घेतलं, माणसं जमली, आणि भरल्या हॉलमध्ये ही महाराणी हसत हसत पुढे आली. "बघू तरी आमचं औषध किती लागू पडलं!" म्हणाली, आणि भावजयीच्या डोक्यावरचा रुमाल खसकन ओढला.

मग कुणीतरी खुदकन हसलं. नणंदेचा चेहरा क्षणभर पडला, पण चूक कबूल करेल ती नणंद कसली? "माझं औषध कधी फुकट जात नाही हं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मनात खोट असली की असंच होतं. आतून कुजलेल्या माणसाच्या डोक्यावर काय उगवणार?" आता मात्र सगळे हसले. नवरा आपल्या पायाच्या अंगठ्यांकडे बघत उभा राहिला.

टोप घ्यायला म्हणून ती याच दुकानात आली. म्हाताऱ्या मालकाकडे हिच्या ऐपतीतला टोप नव्हता, पण हातांना काम होतं. ती बसली ती बसलीच. म्हातारा गेल्यावर दुकानही तिनेच सांभाळलं. टोप मात्र तिने कधी घातला नाही. मनाशी पण केला होता. घातला तर एकाच वेणीचा घालीन, नाहीतर मरेपर्यंत रुमाल. नवी जुडी हातात आली की ती वजन अजमावायची आणि मनात म्हणायची, त्या भवानीची वेणी याच्या दुप्पट भरेल. अशी कितीतरी वर्षं गेली. केस पिकायला लागले, राग काही पिकला नाही.

आणि एका दुपारी नणंद दुकानात आली.

डोकं, कान, तोंड सगळं ओढणीने गच्च बांधलेलं, नुसते डोळे दिसत होते. ज्या दुकानाकडे इतकी वर्षं तिने ढुंकून पाहिलं नव्हतं, तिथे ती चोरासारखी मागे बघत बघत शिरली. बसली, पण ओढणी काही सोडेना. भिंतीवरच्या जुड्या न्याहाळत राहिली.

"एका ओळखीच्या बाईसाठी विचारायला आले होते, वहिनी."

ओळखीच्या बाईसाठी! टोपवालीच्या मनात उकळ्या फुटल्या. इथे येणारा प्रत्येक जण आधी ओळखीच्याच माणसासाठी येतो. तिने त्या आवळलेल्या ओढणीकडे पाहिलं आणि तिला जे समजायचं ते ती समजली.

"विचारा ना, ताई."

"गोल चकत्या पडल्यात. नाण्याएवढ्या. आधी एक होती, आता चार-पाच झाल्यात. कशाने होतं गं हे? शाम्पूने? पाण्याने?"

टोपवालीने आकडा खाली ठेवला. या प्रश्नाची वाट बघण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"शाम्पूबिम्पू काही नाही. मनात खोट असली की असंच होतं," ती एकेक शब्द तोलून म्हणाली. "आतून कुजलेल्या माणसाच्या डोक्यावर काय उगवणार?"

नणंदेचे डोळे जमिनीकडे वळले. ती म्हणाली, "लागण होते का?"

"होते तर! उशी, टॉवेल, कंगवा, सगळं वेगळं ठेवायला सांगा त्या बाईला."

"आणि परत... परत येतात ना?"

"छे! कशाला येतायत?"

नणंद उठली. दारापाशी तिला कडी सापडेना. टोपवालीने ती उघडून दिली, अगदी आदराने, आणि ती रस्ता ओलांडेपर्यंत मजेत बघत राहिली. त्या संध्याकाळी ती घरी गुणगुणत शिरली. नवऱ्याने विचारलं, "काय, आज स्वारी खुशीत?" ती म्हणाली, "एक जुनं गिऱ्हाईक आलं होतं." त्या रात्री तिला झोप लागली ती थेट उजाडेपर्यंत.

पुढच्याच आठवड्यात नणंदेची मुलगी आली. सगळ्या गोतावळ्यात हिच्यासाठी मामीच्या मनात जागा होती. लहानपणी मामीच्या कुशीत शिरून रुमालावरून हात फिरवत विचारायची, "मामी, दुखतं का गं?" दुसरं कुणी हे विचारलं नव्हतं. आता मोठी झाली होती, शाळेत शिकवत होती, लग्न ठरलं होतं. आणि तिच्या डोक्याला रुमाल होता.

टोपवालीने तिला खुर्चीत बसवलं.

पोरीने रुमाल काढला. मागे, कानामागे, भांगात, वाटोळ्या गुळगुळीत चकत्या.

"मामी, आई एका जाणकार बाईकडे जाऊन आली. तेव्हापासून माझी उशी वेगळी, टॉवेल वेगळा. मी फार मागे लागले तेव्हा म्हणाली, मनात खोट असली की असं होतं म्हणे. आणि रडायलाच लागली." ती हातातल्या रुमालाची घडी घालून पुन्हा मोडत होती. "मी रात्रंदिवस विचार करतेय गं. माझ्या मनात कसली खोट असेल? मी कुणाचं काय वाईट केलं? लग्न नको म्हणून कळवून टाकलंय मी."

टोपवालीला वाटलं, आपल्याच कानफटात मारून घ्यावी. वार करायला गेले कुणावर आणि बसला कुणाला!

"ती जाणकार बाई म्हणजे मी," ती म्हणाली. "आणि खोटं बोलले मी. मुद्दाम बोलले, तुझ्या आईवरच्या रागाने. तुझ्या मनात काही खोट नाही. ऊठ, चल माझ्याबरोबर."

दुकानाला कुलूप घालून ती पोरीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी भिंग लावून पाहिलं. चाई, म्हणाल्या. आपलंच शरीर चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर उठतं. तुझा दोष नाही, कुणाच्या शापाने होत नाही, उशीने लागण होत नाही. चकत्यांत बारीक सुया देऊ, मलम देऊ. पुष्कळांचे परत येतात, पण वेळ लागतो, आणि येतीलच अशी हमी मी देणार नाही. पोरीने एवढंच विचारलं, "नक्की माझ्यामुळे नाही ना?" बाई म्हणाल्या, "नक्की." तेव्हा कुठे ती मोकळी रडली.

त्याच संध्याकाळी टोपवाली नणंदेच्या दारात उभी राहिली. माफी मागायला? छे, नावच नको! सांगायचं ते तिने उभ्याउभ्या सांगितलं. खोटं बोलले, पोरीला नेऊन दाखवलं, उपचार सुरू केले.

नणंदेच्या डोक्यावर आता ओढणी नव्हती. वेणी होती तश्शी होती, जराशी करडी झालेली, पण मनगटाएवढीच.

"तुझ्या तोंडून माझेच शब्द आले तेव्हाच ओळखले मी," नणंद म्हणाली. "वाटलं, मी ओकले होते ते फिरून माझ्या लेकरावर आलं. खोट माझ्या मनातली म्हणायची होती मला. पोरीला वाटलं, तिच्या."

टोपवालीला हे ऐकायचं नव्हतं. असलं काही ऐकलं की राग पातळ होतो, आणि तिला तो पातळ होऊ द्यायचा नव्हता.

"शाळेत जायला तिला टोप लागेल," ती कोरडेपणाने म्हणाली. "तिच्या जातीचे केस दुकानात नाहीत. एवढे लांब, एवढे दाट. घरच्याच कुणाचे मिळाले तर बघा."

नणंदेने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन कात्री आणली, आणि पाठ करून स्टुलावर बसली.

हाच क्षण टोपवालीने हजार वेळा मनात रंगवला होता. त्यात नणंद रडायची, गयावया करायची. ही तर ताठ बसून होती. टोपवालीने मानेपाशी वेणी धरली, मुळाकडे लाल दोरा गच्च बांधला आणि कात्री चालवली. एका कापात कुठली तुटायला! करकर आवाज येत राहिला.

"वरचे पण घे," नणंद म्हणाली. "अर्धंमुर्धं नको."

टोपवालीने टाळूपर्यंत सगळे उतरवले. घरी जाताना पिशवीतली वेणी जड लागत होती आणि ते वजन तिला फार गोड वाटत होतं. टोप तिने असा विणला की आयुष्यात तसा विणला नव्हता, करडे केस वेगळे काढून, रंग जुळवून. विणताना प्रत्येक गाठीला नणंदेच्या नावाने एक शिवीही हासडली.

पोर टोप घालून शाळेत जायला लागली. लग्न मोडलं नव्हतं. होणारा नवरा म्हणाला होता, सवडीने करू. मधे एकदा नव्या चकत्या पडल्या, सगळ्यांचं तोंडचं पाणी पळालं. मग पांढरी लव आली, मग लव काळी झाली, आणि वर्ष उलटून गेल्यावर एक दिवस ती स्वतःच्या आखूड केसांनिशी दुकानात आली. टोप टेबलावर ठेवून म्हणाली, "मामी, आता हा तुझ्याकडेच ठेव."

तिची पाठ वळल्यावर टोपवालीने दाराला आतून कडी घातली. जाळी आपल्या डोक्याच्या मापाची केली. मनाशी केलेला पण पुरा व्हायला आता काहीच अडत नव्हतं.

पोरीच्या लग्नात ती हॉलमध्ये शिरली तेव्हा माना वळल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा रुमाल नव्हता. पाठीवर लांब, जाड, काळीभोर वेणी होती. "अगं बाई, काय केस आहेत!" म्हणत बायका भोवती जमल्या, आणि टोपवाली मान वेळावत सगळं ऐकून घेत होती. तिचं लक्ष एकाच ठिकाणी होतं. समोर नणंद उभी होती. तिचे केस मानेपर्यंतच वाढले होते, बरेचसे करडे. तिने आपली वेणी ओळखली. ओळखणारच! बघ, म्हटलं टोपवालीने मनातल्या मनात, डोळे फाडून बघ.

नणंद गर्दीतून सरळ तिच्याकडे आली आणि तिने हात वर केला.

तसाच भरलेला हॉल, तीच माणसं, आणि डोक्याकडे येणारा तोच हात. आता एक हिसका बसला की पुन्हा तेच. टोपवालीने डोळे मिटून घेतले.

कानामागे काहीतरी दाबल्यासारखं झालं.

"पिन सैल झालीय," नणंद म्हणाली, आणि ती घट्ट बसवताना तोंड तिच्या कानाशी आणलं. "त्या दुपारी तुझ्या भिंतीवर अशा तीन जुड्या लटकत होत्या, वहिनी. अशाच लांब, अशाच काळ्या. मी बसल्या बसल्या बघून ठेवल्या होत्या. तरी कात्री मीच आणली."

तिने वेणी पाठीवर नीट सरळ केली आणि पाहुण्यांना बसवायला निघून गेली.

टोपवाली तिथेच उभी राहिली. बायका विचारत होत्या, कुठलं तेल लावतेस गं?