लोहाऱ्याची तहसीलदारीण

तिच्यासमोर रिकाम्या हातानं रडायची सोय नव्हती. कुणी डोळे पुसत आलं की ती आधी त्याच्या हाताला काहीतरी काम देणार आणि मग काय झालं ते विचारणार. भुईमुगाच्या शेंगा असतील तर फोडायला, लसूण असेल तर सोलायला आणि काहीच नसेल तर स्वतःची वेणी पुढं करून म्हणणार, "ही सोड आन् पुन्यांदा घाल." मला वेणी घालता येते ती अशी. आमच्या घरी भांडण झालं की मी तिच्याकडं पळायचो, आणि आमच्या घरी भांडणांना तोटा नसल्यामुळं माझा हात चांगलाच बसला. आता माझ्या मुलीची वेणी रोज सकाळी मीच घालतो. "रडायचंय तर रड," ती म्हणायची, "पर हात चालू ठिव. रडणं आपुआप मागं पडतंय."

तिचं खरं नाव अर्चना. पण लोहाऱ्यात आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, तो तहसीलदारीण म्हणूनच सांगेल. तहसीलच्या आवारात लिंबाखाली आम्हा पोरांचा खेळ चालायचा आणि खेळात तंटा झाला की निकाल ती द्यायची. आत खऱ्या तहसीलदारांपुढं लोक तारखा घेत बसलेले आणि बाहेर हिचा निकाल जागच्या जागी. तिचा एक नियम होता. जो मोठ्यानं ओरडेल तो हरला. एकदा मी चक्क खरं बोलत असताना तिनं मला हरवलं. मी भडकलो, तर म्हणाली, "तुझं खरं असंल बी. पर तू तुझ्या आप्पासारखा बोललालास." त्यानंतर मी तिच्यापुढं आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते आणि माझे धाकटे काका सख्खे भाऊ, पण वाटणीवरून त्यांच्यात असं काही फाटलं होतं की एकाची शेळी दुसऱ्याच्या अंगणात गेली तरी शिमगा व्हायचा. काकांवरचा राग काकांवर काढता आला नाही की तो आईवर निघायचा. आप्पांचा हात उठायचा. शेजारपाजाऱ्यांना सगळं ठाऊक होतं, पण "घरातलं हाय त्येंच्या" म्हणून जो तो आपल्या दाराला कडी लावायचा.

तहसीलदारणीचं घर वेगळ्या तऱ्हेनं बिघडलेलं होतं. ती लहान असतानाच तिची आई माहेरी जाते म्हणून गेली ती परत आलीच नाही. पुढं कुठल्याशा गावात तिनं दुसरा संसार मांडल्याचं कानावर आलं. वडील जीपवर ड्रायव्हर. ते दिवसभर उमरग्याच्या फेऱ्या मारायचे आणि संध्याकाळी उरलेलं भान बाटलीत घालवायचे आणि मग हिच्यावर हात उचलायचे. त्यांनी दुसरी बायको केली. ती वाईट नव्हती, फक्त हिच्याशी बोलायचीच नाही. पाहुणं मांजर घरात शिरल्यावर आपण जेवढं लक्ष देतो तेवढंच तिचं हिच्याकडं लक्ष. कुठं जायचं झालं की ती दाराला कुलूप घालून निघून जायची आणि शाळेतून आलेली ही पायरीवर बसलेली असायची. ज्या वेळेला पोरांनी घरात असायचं, नेमके त्या वेळेला आम्ही दोघंही बाहेर असायचो. आमची मैत्री झाली त्यात दुसरं काही कारण शोधायची गरज नाही.

माझ्या आईचा तिच्यावर फार जीव. आई तिला न विचारता ताट वाढायची आणि ती न लाजता जेवायची. जेवताना एकदा तिनं आईच्या दंडावरचा वळ बघितला. आईनं पदर ओढून घेतला. तहसीलदारीण घास गिळून म्हणाली, "मावशी, झाकू नका. मला बी हायती." दोघी हसल्या. मी तिथंच बसलो होतो आणि त्यात हसण्यासारखं काय आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

उमरग्याला कॉलेजला जायला लागल्यावर लोकांनी आमच्याकडं बघायला सुरुवात केली. आम्ही स्वतः जरा उशिरानं बघितलं. जीपमध्ये ती माझ्यासाठी जागा धरून ठेवायची, म्हणजे दप्तर ठेवायची आणि कुणी उचलायला गेलं तर तहसीलदारी डोळ्यांनी बघायची. एकदा मी तापानं आठवडाभर गेलो नाही. परत गेलो त्या दिवशी माझ्याकडं न बघता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू नसलास की जीप लई हलती." याच्यापुढं तिनं प्रेमाचं कधी काही बोलून दाखवलं नाही. मला मात्र ती आवडायची. तिच्या कपाळावरचा जखमेचा व्रण, तिचं फाटक्या आवाजातलं हसणं, भाकरीचा पापुद्रा आधी काढून खायची तिची सवय, सगळंच आवडायचं. हे तिला सांगायला मला फार वर्षं लागली आणि त्याआधीच ती येळवस आली.

आमच्याकडं येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, हा दिवाळीहून मोठा सण. त्या अमावास्येला गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे आपापल्या शेतात. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच पांडवांचे दगड मांडायचे, आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन घरच्या पुरुषानं अनवाणी यायचं, पूजा करायची आणि मग मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील यांवर आडवा हात मारायचा. ज्यांना शेत नाही ते दुसऱ्याच्या शेतात जातात. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय कुणी राहत नाही आणि मारलेल्या हाकेला कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर शेताला लागतं, असं आमची म्हातारी माणसं सांगतात.

बारावीच्या वर्षी आईनं तहसीलदारणीला येळवसेला बोलावलं. आप्पाही त्या दिवशी कधी नव्हे ते खुशीत होते. "पोरगी येऊ द्या, मग बसू," म्हणून जेवायचे थांबले होते. आता वाटेनं आलं की आमच्या शेताआधी काकांचं शेत लागतं. तिला येताना बघून काकूनं आपल्या कोपीतून हाक मारली. तहसीलदारणीनं सणाचा रिवाज पाळला. तिथं बसली, उंडा आणि भज्जी खाल्ली, आंबील प्याली आणि तोंड पुसत हसत आमच्याकडं आली. तिची काही चूक झाली असेल तर एवढीच की तिला वाटलं, येळवसेच्या दिवशी तरी बांध हा नुसता बांध असतो.

आप्पांनी विचारलं, "कुठं जेवलीस?" तिनं सांगितलं. आप्पा उठले आणि पूजेच्या आंबिलीच्या मडक्याला त्यांनी लाथ घातली. मडकं फुटलं, आंबील हरभऱ्यात गेली. मग ते आईकडं वळले. मी मध्ये उभा राहिलो आणि ती लाथ मला बसली. पलीकडच्या कोपीतून काका बघत होते आणि मला वाटतं, त्यांना बरं वाटत होतं. तहसीलदारीण खाली बसून खापरं गोळा करायला लागली. आईनं "राहू दे गं" म्हटलं, तर मान खाली घालूनच म्हणाली, "पाय कापंल कुणाचा तरी." मीही तिच्याशेजारी बसून खापरं वेचली. त्या दिवशी तिच्या मनात काय ठरलं ते मला पुढं कळलं.

पुढं ती नर्सिंगच्या कोर्सला धाराशिवला गेली आणि मी तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं. तिचा कोर्स संपत आला तेव्हा मी धाराशिवला जाऊन तिला विचारलं. एसटी स्टँडाबाहेर उभ्यानं चहा पिताना विचारलं, याहून चांगली जागा मला सुचली नाही. तिनं चहा संपवला आणि निकाल दिला.

"लगीन करीन तर तुझ्याशीच करीन. पर तुझ्या घरात नांदायला येणार न्हाय. माझ्या घरातनं उठून तुझ्या घरात म्हंजे आगीतनं फुफाट्यात."

"मग मी इकडं येतो."

"आन् मावशी?"

आईला त्या घरात एकटी टाकून येणं मला जमणार नव्हतं.

"मावशीला टाकून आलास तर मला तू बी नको," ती म्हणाली. "कोर्स संपला की हितंच खोली घीन, नोकरी लागंल तवा लागंल. मावशीला घिऊन ये. आप्पा त्येंचं त्येनी रांधून खातील."

मला वाटलं होतं, आई ऐकून घेईल आणि पदर तोंडाला लावेल. जन्मात ती नवऱ्याला विचारल्याशिवाय तुळजापूरलासुद्धा गेली नव्हती. पण मी सांगितलं तेव्हा ती जात्याजवळ बसली होती, तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "कवा निघायचं?" तिनं कापडी पिशवीत चार साड्या भरल्या आणि वर घरातल्या दोन तव्यांतला चांगला तवा ठेवला. "तवा कशाला?" मी विचारलं. "तिथला कसा असंल कुणाला ठावं," आई म्हणाली. ती पिशवी तिनं ज्वारीच्या पोत्यामागं लपवली. ते काही दिवस आई इतकी हलकी झाली होती की आप्पांनी शिव्या दिल्या तरी तिच्या तोंडावरचं हसू हलायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आप्पा शेतात पडले. अर्धांग गेलं आणि वाचाही गेली. त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, परत आणलं. भेटायला पैपाहुण्यांची रीघ लागली आणि त्यांच्यासाठी भाकरी टाकायला आईनं पोत्यामागची पिशवी काढून आधी तवा बाहेर घेतला. मला काही विचारावं लागलं नाही.

मी पुन्हा धाराशिवला गेलो. म्हणालो, "आता तू लोहाऱ्याला ये. आप्पांना बोलता येत नाही, उठता येत नाही. आता घर शांत आहे."

ती म्हणाली, "माणूस आडवा पडला म्हणून आवाज बंद झाला दत्ता, त्येला शांत म्हणत न्हाईत. म्या परवा बघाया आले व्हते की. दार वाजलं की मावशी अजून दचकतेत. म्या तिथं नांदले तर म्या बी दचकाया लागंन. माझी लेकरं बी. तू मावशीला सोडू नको, मावशी आप्पांना सोडणार न्हाईत. तुमच्या दोगांचं बरोबर हाय. माझं बी बरोबर हाय."

"मग?"

"मग काय. माझी वाट बघू नको आन् म्या बी बघत न्हाय."

रडली ती. मीही रडलो. त्या दिवशी आमच्या दोघांच्याही हाताला काही काम नव्हतं. मला तिचा राग आला होता, आणि तो पुढं कितीतरी महिने गेला नाही. तिनं निकाल दिला होता आणि त्यावर अपील नव्हतं.

तिला परंड्याकडं सोनारीच्या दवाखान्यात नोकरी लागली. सोनारीतल्याच एका शेतकऱ्याशी तिचं लग्न झालं. माणूस कमी बोलणारा आहे, असं कळलं. माझंही लग्न झालं. बायकोला हे सगळं ठाऊक आहे. ती म्हणते, "तिनं न्हाय म्हटलं म्हणून मला जागा झाली, तिचे उपकारच म्हणायचे." आमचा संसार चांगला चाललाय. आप्पा अंथरुणावर वर्षानुवर्षं काढून गेले. आईनं त्यांचं सगळं केलं.

गेल्या वर्षी आई म्हणाली, सोनारीच्या भैरवनाथाला जाऊन यायचंय. आईला भैरवनाथ एकाएकी कसा आठवला हे मी विचारलं नाही. दर्शन झालं आणि आई देवळाबाहेर जो भेटेल त्याला "दवाखान्यातल्या अर्चनाबाई कुठं राहत्यात?" असं विचारत निघाली. मी मागून नारळाची पिशवी घेऊन.

ती अंगणातच होती. अंग भरलंय, चष्मा लागलाय. मला बघून "बारीक झालास" एवढंच म्हणाली आणि आईच्या पाया पडली. आईनं तिचे दोन्ही हात धरले ते सोडलेच नाहीत.

"पोरी, माझ्यापायी तुमचं राहिलं गं."

"तसं म्हणू नका मावशी," तहसीलदारीण म्हणाली. "माझी माय मला टाकून घराभायेर पडली. तुमी माझ्याकडं याया म्हणून घर सोडाया निघाला व्हता. पिशवी भरली, तवा सुदा घेतला व्हता म्हणं. माझ्यासाठी तेवढं कुणीच केलं न्हाय."

आई तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मी बाजूला उभा. खरं सांगायचं तर मलाही तिच्याकडून एखादं वाक्य हवं होतं. इतक्या वर्षांनी भेटत होतो. पण ती माझ्याकडं बघत नव्हती, आईची पाठ चोळत होती.

चहा झाला. तिचा नवरा रानातून आला, त्यानं आमची विचारपूस केली. उन्हं कलली तशी मी म्हणालो, "चल आई, परंड्याची गाडी जाईल."

"ऱ्हावा की मावशी," ती म्हणाली. "चार दिवस ऱ्हावा."

आईनं माझ्याकडं बघितलं. अंगावरच्या साडीशिवाय तिच्याजवळ काही नव्हतं.

"तू जा," आई म्हणाली.

मी एकटाच स्टँडवर आलो.