सोळाव्या मजल्यावरचं हिमस्खलन

दुबईत हिमस्खलनात सापडलेला मी बहुधा एकमेव मराठी माणूस आहे. स्थळ : जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट. उंची : सोळावा मजला. वेळ : शुक्रवारी सकाळी सात. जीवितहानी नाही. (कोलंबी सोडून.)

२००९चा जानेवारी होता. मंदीने सगळ्यांचे चेहरे उतरले होते. रोज कुणाची तरी नोकरी गेल्याची बातमी यायची आणि आम्ही 'अरेरे' म्हणून स्वतःच्या खुर्चीला घट्ट धरून बसायचो. मी जबल अलीतल्या एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रांच्या विभागात होतो. आमच्या विभागातूनही दोन नावं जाणार, अशी कुजबुज होती. विभागात माणसं होती पाच. त्यामुळे आम्ही पाचही जण एकमेकांशी अचानक फार प्रेमाने वागायला लागलो होतो.

या सगळ्यात एकच विरंगुळा होता, शुक्रवारच्या साप्ताहिक सुट्टीतलं डोंगर चढणं. आम्ही तिघं. केदार ठाण्याचा, आर्किटेक्ट. त्याचा टॉवर एकविसाव्या मजल्यावर थांबला होता आणि क्रेन होती तिथेच मान वाकडी करून उभी होती. रोहिणी नाशिकची, एका कोल्ड स्टोरेजमध्ये इंजिनिअर. हिमाचलात भर हिवाळ्यात खरोखरची शिखरं चढलेली बाई! आणि तिसरा मी. माझा बर्फाचा अनुभव म्हणजे हनिमूनला मनालीत भाड्याचा कोट आणि गमबूट घालून काढलेली वीस मिनिटं. त्यातली पंधरा फोटोत गेली.

रास अल खैमाच्या उघड्याबोडक्या डोंगरात दोन-तीन तास घाम गाळायचा आणि मग खाली कॅफेटेरियात कडक चहा पीत हिवाळी मोहिमांच्या गप्पा मारायच्या, हा आमचा क्रम.

"फेब्रुवारीत उत्तरेच्या धारेने गेलं तर बर्फ कडक मिळतो," रोहिणी म्हणायची.

"पण वारा?" केदार.

"दहाच्या आत माथा गाठायचा आणि निघायचं."

"मी काय म्हणतो," मी चहात बिस्किट बुडवत म्हणायचो, "दक्षिणेकडून जाऊ की. छान ऊन लागतं."

"मंदार, ऊन लागलं की बर्फ सुटतो. अख्खा कडा अंगावर येतो."

"मग पश्चिमेकडून?"

"तू नक्की कुठल्या डोंगराबद्दल बोलतोयस?"

हा प्रश्न अन्यायाचा होता. कुठला डोंगर, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं!

आता माझ्या दुर्दैवाने आमच्या मजल्यावर, म्हणजे अठराव्यावर, स्टीव्ह नावाचा एक कॅनडाचा माणूस राहायचा. कधीतरी लिफ्टमध्ये बोलायला विषय नव्हता म्हणून मी त्याला 'मीपण माउंटेनियर आहे' असं सांगून ठेवलं होतं. त्या जानेवारीत त्याची कंपनी बंद झाली आणि परत जाण्याच्या आदल्या दिवशी तो दोन्ही हातांत मावेल तेवढं सामान घेऊन आमच्या दारात उभा राहिला. विमानात वजन जास्त होत होतं. म्हणाला, हे माझ्यासारख्याच माणसाकडे जावं अशी इच्छा आहे. त्याचे डोळे भरून आले होते. अशा वेळी 'मला यातलं काही कळत नाही' असं सांगायला काळीज दगडाचं लागतं.

त्याने एकेक वस्तू समजावून दिली. एक स्नोबोर्ड. तो मधोमध दुभागतो आणि त्याच्या दोन स्की होतात. चढताना त्या पायाला लावायच्या, माथ्यावर पुन्हा जोडून बोर्ड करायचा आणि घसरत खाली यायचं. त्याचे बूट, अकरा नंबरचे. (माझा सात.) आणि शेवटी एक पाठीवरची सॅक. तिच्या छातीवरच्या पट्ट्याला लाल मूठ होती. हिमकडा कोसळला की मूठ ओढायची. आतल्या सिलिंडरमधून फुगे फुगतात आणि माणूस बर्फाखाली गाडला न जाता वर तरंगतो. सिलिंडर भरलेला आहे की रिकामा, हेही त्याने सांगितलं होतं. त्याच्या उच्चारात मला ते 'एम्प्टी' असं ऐकू आलं. त्याच्या आधी 'नॉट' होतं, हे पुढे कळलं.

तो गेल्यावर माझी बायको वैशाली बाहेर आली. तिने दोन लांब, केसाळ पट्टे चिमटीत धरून उचलले.

"हे काय?"

"स्किन."

"कुणाची?"

"अगं, स्कीच्या तळाला चिकटवायची. चढताना पाय मागे घसरत नाही."

"आणि आपण कुठे चढणार आहोत?"

मी गंभीरपणे खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर शेख झायेद रोड होता.

रोहिणीला ही बातमी कळताच तिचा फोन आला. "तुझ्याकडे स्प्लिटबोर्ड? तुझ्याकडे? शुक्रवारी घेऊन ये. वाळूच्या टेकडीवर स्किन चालते का बघू. आणि ती सॅक मी बघेपर्यंत हात लावू नकोस."

शुक्रवार उजाडला. दोन्ही हातांत बोर्डचे दोन भाग धरायचे म्हणजे सॅक पाठीवर घेणं भाग होतं. बूट पिशवीत मावेनात म्हणून तेही पायातच घातले, आत तीन जोड मोजे. डोक्यावर हेल्मेट. वैशालीने दारातून मला आपादमस्तक पाहिलं.

"मंदार, शेजारी बघतील."

"बघू देत. माउंटेनियर असाच दिसतो."

"माउंटेनियरला चालता येतं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बरोबर आमची नऊ वर्षांची इरा होती. लिफ्ट दोन मजले उतरली आणि सोळाव्यावर थांबली. दार उघडलं आणि समोर परकार साहेब!

परकार साहेब आमच्या कंपनीचे ऑपरेशन्स मॅनेजर. कोण राहणार आणि कोण जाणार, याची यादी त्यांच्याच टेबलावर होती. माणूस मूळचा रत्नागिरीकडचा, खेडचा. पण तीन वर्षांत माझ्याशी मराठीत एक अक्षर बोललेला नव्हता. ऑफिसात फक्त इंग्रजी, तेही मोजून. आज अंगात परीटघडीचा पांढराशुभ्र सलवार-कमीज आणि हातात झाकण लावलेलं मोठं पातेलं. मसाल्याचा घमघमाट लिफ्टभर पसरला.

"गोइंग समव्हेअर, मंदार?" त्यांनी माझ्या बुटांकडे बघत विचारलं.

"माउंटेन्स, सर."

"विथ दॅट?"

बस! मला वाटलं, हीच संधी आहे. नोकरीवरून काढायच्या विचारात असलेल्या साहेबाला दाखवून द्यावं की हा माणूस किती जबाबदार, किती सुरक्षेचा विचार करणारा आहे. दोन्ही बोर्ड एका बगलेत मारले आणि मोकळ्या हाताने लाल मूठ पकडली.

"सेफ्टी फर्स्ट, सर! ही अॅव्हलांश एअरबॅग आहे. ओन्ली फॉर इमर्जन्सी."

"बाबा, डोन्ट टच दॅट," इरा म्हणाली.

"आय नो, बेटा. सर, हे असं उगाच कधीही ओढायचं नाही. समजा, कुणी चुकून असं..."

धडाम!

पुढचं वाक्य मी लाल कापडात तोंड खुपसून म्हणालो. माझ्या दोन्ही खांद्यांमागून दोन अजस्र फुगे बाहेर आले आणि लिफ्टभर पसरले. मी आरशावर चिकटलो. परकार साहेब समोरच्या भिंतीवर, बटणांच्या पाटीवर, पाठ टेकून सपाट झाले. इरा कोपऱ्यात खाली बसून वाचली. आणि पातेलं? साहेबांनी शेवटच्या क्षणी ते डोक्यावर उचललं होतं. आता ते फुग्याच्या माथ्यावर, आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये डुलत होतं. साहेबांची दोन बोटं त्याच्या काठाला कशीबशी लागत होती.

"अरे मेल्या, काय केलंस काय हे!" साहेब ओरडले.

मी थक्क झालो. "सर, तुम्ही मराठीत..."

"मराठीचं राहू दे! पातेलं बघ! पहाटे चारला उठून अम्मीने कोलंबीचं कालवण केलंय. शारजात बहिणीकडे सासरची माणसं आलीयत. एक थेंब सांडला तर मला घरात घेणार नाही ती!"

"मी अजिबात हलत नाही, सर."

"श्वास कशाला घेतोयस? पातेलं हलतंय!"

मी श्वास धरला. पण साहेबांच्या पाठीने पंधराव्यापासून खालची बहुतेक सगळी बटणं दाबली गेली होती. लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबायला लागली. पंधराव्यावर बाबागाडी घेतलेली एक फिलिपिनो बाई होती. तिने आत पाहिलं, गोड हसली आणि "नेक्स्ट वन" म्हणून मागे सरली. बाराव्यावर एका इजिप्शियन गृहस्थाने अरबीत "या सलाम!" अशी वाहवा करत मोबाइलवर फोटो काढला. नवव्यावर एका मावशींनी वाकून विचारलं, "जगह है क्या?" (माणसाने किती आशावादी असावं!) सातव्यावर दोन पोरांनी इराला विचारलं, कुणाची बर्थडे पार्टी आहे.

"नो," इरा म्हणाली, "इट्स जस्ट माय डॅड."

तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा समोर रोहिणी आणि केदार उभे होते. केदार आमच्याकडे एकदा बघून पाठ वळवून खांबाला धरून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. रोहिणी मात्र शांत. तिने लिफ्ट अडवून धरली, हात आत घातला, सॅकची कुठली तरी झडप दाबली. फुस्स करत फुगे बसू लागले. पातेलं हळूहळू, एखाद्या पालखीसारखं, खाली खाली आलं आणि अलगद परकार साहेबांच्या हातात उतरलं. साहेबांनी झाकण उचलून पाहिलं. एक थेंबही सांडला नव्हता!

"अल्लाचे उपकार," साहेब म्हणाले.

"आणि एअरबॅगचे," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

एवढ्यावर निभावलं असतं. पण लॉबीत आमचा सिक्युरिटी गार्ड थापा आडवा आला. त्या दिवसांत काही भाडेकरू भाडं थकवून, चाव्या आतच टाकून गुपचूप देश सोडत होते. त्यामुळे परवान्याशिवाय कुणाचंही सामान बाहेर सोडायचं नाही, असा बिल्डिंगचा हुकूम होता.

"साब, मूव्ह-आउट परमिट?"

"अरे थापा, मूव्ह-आउट नहीं. मैं बर्फ का सामान लेके जा रहा हूँ."

थापाने बाहेर पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. "साब, बर्फ तो मेरे गाँव में है. इधर किधर?"

तेवढ्यात मागून परकार साहेबांचा बदललेला आवाज आला.

"मंदार, पळून चाललायस? मुलीला घेऊन? शुक्रवारी सकाळी, कुणी बघत नसताना?"

ज्या नोकरीसाठी मी महिनाभर नीट झोपलो नव्हतो, ती या माणसाच्या हातात होती आणि त्याला मी फरार वाटत होतो!

"नाही हो सर! शपथ घेऊन सांगतो!" मी कळवळून त्यांच्याकडे गर्रकन वळलो.

बगलेत बोर्ड आहेत, हे विसरून वळलो.

बोर्ड दीड मीटरचे. पातेलं मध्ये आलं. कालवण आधी वर गेलं, मग परकार साहेबांच्या अंगावर आलं. पांढऱ्याशुभ्र कमीजवर लालभडक रस्सा पसरला आणि एक कोलंबी त्यांच्या खिशात पेनासारखी लटकली. केदारने पुन्हा खांब धरला.

साहेब तसेच लिफ्टमध्ये गेले आणि दार बंद झालं.

वाळूच्या टेकडीवर अर्थातच कुणी गेलं नाही. वैशालीला सगळं सांगितलं, तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. इराची शाळा, घराचा करार, पुण्याला परत गेलो तर काय, सगळं आमच्या दोघांच्या मधे येऊन बसलं. मग ती उठली आणि ओल्या नारळाच्या करंज्या करायला घेतल्या. शनिवारी दुपारी डबा घेऊन स्वतः सोळाव्या मजल्यावर गेली. तास झाला तरी येईना. आली ती परकारांच्या अम्मींकडून कालवणाची कृती लिहून घेऊन. (आम्ही शाकाहारी आहोत!)

रविवारी ऑफिसात पाऊल ठेवताच केबिनमधून बोलावणं आलं. आत गेलो.

"दार लाव," साहेब मराठीत म्हणाले.

मी दार लावलं. त्यांनी समोरचा कागद उलटा ठेवला.

"खोटं नाही बोलत. यादीत तुझं नाव होतं. काल रात्री मी मॅनेजमेंटला फोन करून ते काढायला लावलं."

"सर!" मी हात जोडले. "माझं काम एवढं..."

"कामाचा काही संबंध नाही," साहेब म्हणाले. "मी त्यांना सांगितलं, बाकीचे चौघे कुठेही जातील, पोट भरतील. पण जो माणूस 'हे ओढायचं नाही' असं सांगता सांगता ते ओढतो, त्याला बाहेर एकटं सोडणं मला धोक्याचं वाटतं."

घरी येऊन मी वैशालीला सांगितलं, नोकरी राहिली. तिने डोळे पुसत विचारलं, "कशी काय?"

"साहेबांनी," मी कॉलर ताठ करत म्हणालो, "माझ्यातली उणीव कंपनीला पटवून दिली."