हडळीचे मागचे हात

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत, एक माझं आणि एक सुगंधाचं. माझं बंद असतं. तिचं कायम किलकिलं असतं, कारण ती माझ्याकडे चहाला बसली असली तरी धाकूचा चमचा तिला ऐकू यायला हवा.

धाकू तिचा नवरा. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो पलंगावर आहे. जीभ जड झाली, पण उजवा हात शाबूत राहिला, आणि त्या हातात स्टीलचा चमचा असतो. तो पलंगाच्या दांडीवर वाजला की सुगंधा कप अर्धा टाकून उठते. मला त्या चमच्याचा भयंकर राग येतो. तिला येत नाही, आणि येत असलाच तर ती तो कुठे ठेवते देव जाणे.

तिचं मागणं एकच होतं. कुडाळजवळ तिची बहीण राहते, प्रेमा, तिच्याकडे आठ दिवस जाऊन यायचं. मुलाला, निलेशला, तिने माझ्यादेखत तीनदा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, "मे महिन्यात बघू." मग, "गणपती होऊ दे." आणि तिसऱ्यांदा, "आई, तू गेलीस तर बाबांचं कोण करणार, सांग ना?" प्रश्न विचारून तो मोबाइलकडे वळला. मुलगा वाईट नाही हो. औषधं आणतो, घर चालवतो. पण घरातला पंखा फिरतो तशी आईही फिरत असते, असं त्याने धरून टाकलंय.

या निलेशला एक वेड होतं, वाईट सिनेमांचं. साधे वाईट नव्हेत, इतके वाईट की बघताना हसून पोट दुखावं. मुलुंडच्या एका जुन्या थिएटरात महिन्यातून एका शनिवारी मध्यरात्री असा सिनेमा लावतात, आणि त्यांचा सगळ्यांत लाडका होता 'हडळीचं हळदीकुंकू'. पस्तीस वर्षांपूर्वीचा. त्यात चार हातांची हडळ गावातल्या सुवासिनींना हळदीकुंकवाला बोलावते, पुढच्या दोन हातांनी कुंकू लावते आणि मागच्या दोन हातांनी गळा दाबते. एक म्हातारा त्यात दोनदा मरतो आणि शेवटी लग्नात जेवायला बसलेला दिसतो. स्मशानात ट्यूबलाइट आहे.

"यात बघायचं काय रे?" मी त्याला विचारलं होतं.

"सुनंदामावशी, चांगल्या सिनेमात आपण गप्प बसतो. यात आपल्याला काम असतं," तो म्हणाला.

काम म्हणजे काय, तर पोरं सोबत हळदीकुंकवाच्या डब्या नेतात आणि पडद्यावर हडळ कुंकू लावायला लागली की एकमेकांना लावतात. दाढीवाले बाप्येसुद्धा. आणि मग येतो तुळशीवाला हात. हडळीच्या मागच्या डाव्या हातावर तुळस गोंदलेली आहे, पुढच्या डाव्यावर नाही. हडळ मोठं भाषण ठोकत असताना हा हात गळा दाबायचं सोडून तिच्याच खांद्यावर तीनदा टकटक करतो. ती झटकते. थोड्या वेळाने पुन्हा तीनदा टकटक. आणि मग तो हात एकदम खाली लोंबतो, तो शेवटपर्यंत. तेव्हा अख्खं थिएटर ओरडतं, "झोपला! झोपला!"

निलेशने हे सगळं एका रविवारी मला मोबाइलवर दाखवलं, माझ्याच घरात. सुगंधा मेथी निवडत बसली होती. तिने वाकून पाहिलं आणि जुडी बाजूला ठेवली.

"ह्यो माझो हात," ती म्हणाली.

निलेश हसला. मग तिने पदर सारून डावा हात त्याच्या मोबाइलशेजारी धरला. मनगटाच्या वर तुळस. फिकट झालेली, पण तीच. ज्या हाताने दोन वर्षं याला वेड लावलं, त्याच हाताने याला आयुष्यभर वाढलेलं, आणि त्याने तो कधी धड पाहिला नव्हता. 

लग्नाआधीची गोष्ट. गिरणी बंद पडून तिचे वडील घरी बसले होते. चाळीतला एक शेजारी सिनेमाच्या कपडेपटात होता, तो हिला मनोरीला घेऊन गेला, मार्व्याहून होडीने. तिथल्या एका बंगल्यात शूटिंग होतं. हिच्या हाताला हडळ झालेल्या नटीच्या बांगड्या बसल्या म्हणून मागच्या हातांसाठी हिला घेतलं. सिनेमा तिने पाहिलाच नाही. तो लागला तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं, आणि धाकूच्या घरच्यांना सिनेमा हा शब्दच खपत नव्हता.

निलेशला मात्र आकाश ठेंगणं झालं. त्याने मित्रांना फोन लावले. पुढच्याच शनिवारी आईला मुलुंडला न्यायचं, स्टेजवर उभं करायचं! धाकूपाशी बसायला त्याने रात्रीपुरता नर्सिंगवाला एक ब्रदरसुद्धा ठरवला, एका फोनवर. माझं डोकं फिरलं. सिनेमासाठी माणूस अर्ध्या तासात मिळाला, प्रेमाकडे जाण्यासाठी इतक्या दिवसांत मिळाला नव्हता. सुगंधाच्याही ते लक्षात आलं असणार. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि हिरवी साडी काढली.

थिएटरात शिरलो तर पोरं रांगेने तिच्या पाया पडली. कोणी तिच्या कपाळी कुंकू लावलं, कोणी माझ्या. खोटं कशाला बोलू, मलाही मजा आली. त्या पोरांच्या हसण्यात टिंगल थोडी आणि माया जास्त होती. चकचकीत सिनेमात सगळ्यांच्या चुका पुसलेल्या असतात. इथे त्या जशाच्या तशा होत्या, आणि पोरांनी त्या जीवापाड जपल्या होत्या.

मग तो प्रसंग आला. पडद्यावर धुपाचा धूर. टकटक, टकटक, टकटक. थिएटरभर पोरांनी पुढच्याच्या खांद्यावर टकटक केली. सुगंधाच्या मागच्या मुलीनेही लाडाने तिच्या खांद्यावर केली, तशी सुगंधा ताडकन उठून उभी राहिली. "इलंय, इलंय," म्हणत. तिला चमचा वाजल्यासारखं वाटलं असावं. मी तिला खाली बसवलं. पडद्यावर हात लोंबला. "झोपला! झोपला!" निलेश सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

नंतर तिला स्टेजवर नेलं. देवेश नावाचा मुलगा, हे सगळं भरवणारा, त्याने माइक पुढे केला. "काकू, एकदम झकास! ते टकटक कोणी सांगितलं होतं? की तुमचीच अ‍ॅक्टिंग?"

"अ‍ॅक्टिंग कसली, बाबू," सुगंधा म्हणाली. "माका तिच्या पाठीक लुगड्यान घट्ट बांधलेलां. तोंड तिच्या केसांच्या टोपात. धूर. जीव गुदमारलो. सोडा, सोडा म्हणान सांगत होतंय. कोणीच बघूक नाय. मगे माका घेरी इली."

मग कोणीतरी टाळी वाजवली आणि थिएटर पुन्हा हसण्यात बुडालं. त्यांना वाटलं, म्हातारी काय टायमिंगने बोलते! निलेशही हसत होता, मोबाइलवर आईला टिपत. मला त्या क्षणी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. सुगंधाने माइक परत दिला आणि पायऱ्या उतरून माझ्यापाशी आली.

"सांगितलंय ना मी?" तिने विचारलं. "नीट सांगितलंय ना?"

"सांगितलंस गं," मी म्हटलं.

आम्ही रिक्षाने परतलो. जिना चढतानाच चमचा ऐकू आला. ब्रदर खुर्चीत घोरत होता. तिने चपला काढल्या, आत जाऊन धाकूला पाणी पाजलं, कूस बदलून दिली. कुंकू तसंच कपाळावर. तिची पिशवी माझ्याकडे राहिली होती, ती द्यायला मी दारात उभी होते. निलेश सोफ्यावर बसून व्हिडिओ पाठवत होता.

सुगंधा बाहेर आली. सोफ्याच्या मागे उभी राहिली आणि डाव्या हाताने त्याच्या खांद्यावर टकटक केली. तीनदा.

"काय भारी, आई!" तो मान न वळवता हसला.

ती हलली नाही. थोड्या वेळाने तिने पुन्हा टकटक केली. तीनदा.

या वेळी तो हसला नाही. दुसऱ्या टकटकीनंतर काय होतं, हे त्याला पाठ होतं. त्याचा मोबाइल मांडीवर पडला, आणि तो हात लोंबण्याआधी त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला.