मामाच्या गिटारची बसकण

मे महिन्यात वाशीमला फिरायला कोण जातं? डोकं ठिकाणावर असलेलं कोणी जात नाही. मी गेले, आणि सोबत बहात्तर वर्षांच्या मामाला घेऊन गेले.

झालं असं, की घरच्या ग्रुपवर कुणीतरी वाशीमजवळच्या अनसिंगच्या एका लग्नाचा व्हिडिओ टाकला. कॅमेरा सगळा वेळ नवरदेवाच्या तोंडावर आणि मागे बँड जोरात. मामा हल्ली पुण्यात आमच्याकडेच असतो. तो पोहे खात होता, त्याचा चमचा हवेतच थांबला.

“नंदे, हे माह्यं हाय.”

“काय तुझं?”

“धून! पन पाह्य, पुढं कशी बिघडते.”

आणि खरंच, ऐन रंगात आलेली धून एका जागी ढिली पडली, खाली खाली घसरली, आणि मग दचकून उठल्यासारखी परत वर आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मामाची वाशीमला चौघांची गिटार पार्टी होती: दोन इलेक्ट्रिक गिटार, एक बेस, एक ड्रम. आधी गायकही होता, पण गिटारी एवढ्या जोरात की त्याचं गाणं त्यालाच ऐकू येईना. तो रुसून गेला. यांनी म्हटलं, जाऊ दे, गाणाऱ्याचं कामच काय? असं ते बिनगाण्याचं रॉक वऱ्हाडातल्या लग्नांत दणाणायला लागलं. कॅसेट एकच निघाली. त्यात ‘जऊळका’ नावाची धून होती. जऊळक्याच्या स्टेशनावर पॅसेंजरची वाट बघताना बसवलेली, म्हणून ते नाव.

पण उस्मानभाईंच्या कॅसेटच्या दुकानात पहिली नक्कल काढताना घात झाला. मूळ कॅसेट वाजवणारं मशीन लाइटवर, नक्कल उतरवणारं बॅटरीवर. मध्येच व्होल्टेज पडलं, वाजवणारं मशीन मंदावलं, आणि सूर घसरला तो तसाच उतरला. पुढच्या सगळ्या कॅसेटी त्याच नकलेवरून निघाल्या, गावोगावी गेल्या. त्याच वर्षी मामाला चंद्रपूरला नोकरी लागली आणि पार्टी मोडली.

“चौघातला आता मी एकटाच उरलो,” मामा म्हणाला. “मी गेलो की लोक म्हनतीन, त्या जऊळकावाल्याले वाजवता येत नव्हतं. मले ती सुदी, सरळ वाजनारी कॅसेट पायजे. लोकायले एकडाव बरोबर आयकवायची हाय.”

एवढं बोलून त्याने पोह्याची प्लेट बाजूला सारली. मामा पोहे टाकतो म्हणजे प्रकरण गंभीर. मी तिकिटं काढली.

पुण्याहून वाशीमला ट्रॅव्हल्सची स्लीपर मिळते. संध्याकाळी बसलात की सकाळी पोचता. लग्नसराईत भाडं चढतं, तेव्हा आधी काढा. खालचा बर्थ मागा, वरचा माणसाला धान्यासारखा पाखडतो. उन्हाचं म्हणाल तर डोक्याला रुमाल आणि खिशात कांदा, हे मामाचं औषध. मी हसले होते. दुपारी बाराला गुपचूप एक कांदा पर्समध्ये टाकला.

उतरल्या उतरल्या स्टँडजवळ आलुबोंडा-रस्सा खाल्ला. रस्सा तिखट म्हणजे असा, की कानातून वाफा! दोघांचं पोट शंभराच्या आत भरतं. मग उस्मानभाईंचं दुकान शोधलं. पूर्वी तिथे कॅसेटी भरून मिळायच्या, आता मोबाइलची कव्हरं लटकतात. उस्मानभाई गल्ल्यावर बसले होते. मामाला बघून चष्मा वर केला, परत खाली केला.

“या अल्ला! उस्ताद, तुमी जिंदा हाव?”

“तुमचं बिल द्याचं राह्यलं होतं,” मामा म्हणाला, आणि दोघं गळ्यात पडले.

मूळ कॅसेट बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, मलमलच्या फडक्यात बांधलेली होती. “अमानत हाय,” उस्मानभाई म्हणाले. “गलती माह्या दुकानात झाली होती ना.” त्यांनी जुनं मशीन काढलं, कापसाने त्याचं हेड पुसलं आणि बटण दाबलं.

काय सांगू तुम्हाला! चौघं जणू दुकानातच उभे राहिले. धून त्या जागेवर आली, मी श्वास धरला, आणि ती सरळ, ताठ, सुसाट पुढे गेली. मामा डोळे पुसत हसत होता. मी सगळं मोबाइलमध्ये उतरवून घेतलं.

“उद्या अनसिंगले लग्न हाय,” उस्मानभाई म्हणाले. “गजाननचा बँड हाय. तो तुमचीच धून वाजवते. जा, आयकवा.”

दुसऱ्या दिवशी पुसद रोडने अनसिंग. एसटीने पाऊण तास, आणि खिडकीतून लू मोफत. गजाननला मामा कोण ते कळलं, तसा तो गल्लीतच पाया पडला. “अबे, खुर्ची आना रे! जऊळकावाले काका आले!” त्याने माझा मोबाइल भोंग्याला जोडला. नवरदेव मारोतीच्या पाया पडायला निघाला होता, म्हणजे परण्या, आणि पुढे सगळं गाव नाचत होतं.

सुदी धून सुरू झाली. ती जागा आली. आणि अर्धी गल्ली मटकन खाली बसली!

धून मात्र थांबली नाही, धडाक्यात पुढे निघून गेली. बसलेले उठायच्या आत उभे असलेले त्यांच्यावर आपटले. नवरदेवाची मावशी करवलीच्या मांडीवर! तिथूनच ती ओरडली, “कोनं वाजवलं बाई हे? याले वाजवताच येत नाई!”

मी मामाकडे बघायचं टाळलं.

गजानन कानाशी येऊन म्हणाला, “काका, रागावू नका, पन बसकन कुठी गेली? ते सूर पडला की सारे बसतेत, उठला की उडतेत. माह्या बापाच्या लग्नापासून असंच हाय. तेच तं नाव हाय तुमच्या धूनचं इकडं. बसकन.”

ज्याची लाज मामाने सगळा जन्म बाळगली, त्याच्यावर इथे तीस-पस्तीस वर्षं वराती नाचत होत्या. मला वाटलं, चुकलंच माझं, म्हाताऱ्याला उगाच आणलं. एवढ्यात तो खुर्चीतून उठला.

“गिटार हाय का बे?”

होती. मामाने पट्टा गळ्यात घातला, दोन चाव्या पिळल्या आणि ‘जऊळका’ सुरू केली. बोटं पहिल्यांदा अडखळली, मग तापली. ती जागा आली, आणि मामाने बोट तारेवरून सावकाश खाली घसरवलं. अख्खी गल्ली बसली. मावशी बसली, नवरदेव बसला, मी बसले. आणि हा बेटा सूर वर आणेचना! तसाच धरून आमच्याकडे बघत राहिला.

“काका, उठवा ना आता!” गजानन ओरडला.

मामाने उठवलं. अशी उडी मी आयुष्यात मारली नव्हती. नंतर मांडवात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, मामाला आग्रहाने तीनदा वाढलं. मावशीने स्वतः तूप ओतलं, पण माफी काही मागितली नाही.

परत येऊन आता पंधरा दिवस झाले. मामाने माळ्यावरची गिटार काढून तारा बदलल्या. शेजारी अजून तक्रार घेऊन आलेले नाहीत, येतील. निघताना उस्मानभाईंनी हातात ठेवलेली मूळ कॅसेट कपाटात आहे. ती परत लाव, असं तो एकदाही म्हणाला नाही. काल पोळ्या लाटता लाटता मीच विचारलं, “मामा, लोकांना कोणती धून द्यायची? तुझी सरळ, की त्यांची?”

त्याने बराच वेळ तार पुसली.

“सुदी तू ठेवजो. मले मालूम हाय, तुले मालूम हाय, बस झालं. पन मी जाईन ना नंदे, त्या दिवशी बसकनीची लावजा. आन् रडत उभे राहू नका, सारे जन बसजा. उठवाले मी नसीन, तं आपापले उठजा.”

त्याने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं.

“तुह्ये गुडगे कुरकुरते. आत्तापासून सराव कर.”

आणि त्याने धून सुरू केली. मी स्वयंपाकघरात लाटणं हातात घेऊन खाली बसले.