हरणांसमोर गप्प बसण्याचा प्रयोग

पार्सिपनीजवळचं आमचं घर मी हरणांसकट विकत घेतलं. हे मला कळलं तेव्हा कागदांवर सह्या झाल्या होत्या.

तसा मी फसणारा माणूस नाही. अमेरिकेत आल्यावर रविवारच्या बाजारात गाडीच्या डिकीतून सुटकेसा विकल्या, आणि ऐंशीच्या दशकात स्वतःचं दुकान थाटलं. गिऱ्हाईक दारातून आत येतं तेव्हाच ते कुठवर चढेल हे मला कळतं. घराच्या सौद्यातही मी गळकं छत दाखवून भाव पाडला, तळघराची ओल दाखवून पाडला, जिन्याची करकर ऐकवून पाडला. मग एजंट खिडकीशी गेला आणि मागच्या रानाकडे हात करून म्हणाला, "काय निसर्ग आहे!" मी मान डोलावली. त्या निसर्गाला चार पाय असतात, हे तो एका शब्दाने बोलला नाही! (कुंदा म्हणते, "अहो, सोडा आता." का सोडू?)

कुंदा म्हणजे माझी बायको, माहेर पेणचं. घर घेतल्यावर आम्ही पेणला जाऊन आलो, तेव्हा तिच्या आईने निरोप देताना रुमालात वालाचं बी बांधून दिलं होतं. "हे आपल्या घरचं. माझ्याच्याने आता मळा होत नाही. पुढचं बी तुझं तू धर." पहिल्या वर्षी हरणांनी वेल मुळापर्यंत खाल्ले. दुसऱ्या वर्षी कुंदाने उरलेलं शेवटचं मूठभर बी लावलं. ऑक्टोबरात शेंगा भरल्या. त्या वेलावर वाळल्या तर बी, नाहीतर पेणचा वाल आमच्यापुरता संपला.

मी रोज सकाळी मागच्या ओट्यावर उभा राहून हरणांवर ओरडायचो. "ए भवाने! निघ! बापाचा मळा आहे काय?"

सुरुवातीला ती पांढऱ्या शेपट्या उभारून उधळत. मग नुसतीच झाडीपर्यंत जाऊ लागली. मग माना वर करून बघू लागली. त्यातल्या एका हरणीने तर पुढे पुढे चावणंसुद्धा थांबवलं नाही! तोंडातून शेंग लोंबतेय, एक कान माझ्याकडे, दुसरा रस्त्याकडे, आणि डोळ्यांत भाव असा, की बरं, पुढे?

शेजारचा फ्रँक धनुष्यबाणाने शिकार करायचा. त्याला माझ्या रानात बसायची परवानगी हवी होती. मी म्हटलं, "एका अटीवर. मी बरोबर येणार. माल माझ्या जागेतून जाणार आणि मी बघायचं नाही?"

"डिग," फ्रँक म्हणाला (दिगंबर त्याला कधी जमलं नाही), "तिथे बोलता येत नाही."

"मग नाही बोलणार! मी काय रेडिओ आहे?"

स्वयंपाकघरातून कुंदाचं हसू आलं. "मीही येते. ह्यांना गप्प कोण बसवणार?"

फ्रँकने नियम सांगितले. साबण नाही, केसांना तेल नाही, अत्तर नाही. हरणाला वास आधी कळतो, मग हालचाल, मग आवाज. कुंदाने त्या दिवशी फोडणीच केली नाही. आम्ही बिनफोडणीचा दहीभात खाल्ला. कपडे आदल्या दिवसापासून बाहेर पाचोळ्यात ठेवले. बांगड्या किणकिणू नयेत म्हणून तिने हाताला रुमाल गुंडाळला. एवढी तयारी आमच्या लग्नातही नव्हती!

दुपार कलताना फ्रँक त्याने शिकारीसाठी झाडावर बांधलेल्या फळीवर चढला. आम्ही खाली, आडव्या पडलेल्या खोडामागे. मी गप्प. नाक खाजलं, गप्प. पायाला मुंग्या आल्या, गप्प. दूर झाडीत एक हरीण दिसलं. त्याने आमच्या दिशेने बघितलं, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि ते नाहीसं झालं. आम्ही तर श्वाससुद्धा जपून घेत होतो!

तेवढ्यात शेजारी प्लॅस्टिकची पिशवी कुरकुरली.

"अहो, चिवडा खाणार?" कुंदा कुजबुजली.

"चिवडा? इथे?"

"दहीभातावर माणूस किती वेळ राहील?"

"तू मला गप्प बसवायला आली होतीस ना?"

"मी हळूच खातेय. आवाज तुमचाच येतोय."

"माझा? मघापासून मी एक शब्द तरी..."

"मग हे काय चाललंय?"

मी ताडकन उठलो. मग चिवड्यावरून तिच्या माहेरावर, माहेरावरून वालावर, वालावरून हरणांवर आणि हरणांवरून थेट त्या एजंटावर पोचलो. रान दणाणलं. एकाएकी कुंदाचा चिवड्याचा हात तोंडाशी थांबला. ती माझ्या पाठीमागे बघत होती.

मी वळलो. तीच हरणी! तिच्यामागे दोन माद्या, आणि त्यांच्याही मागे हा भला मोठा शिंगवाला नर. निवांत ओकची फळं वेचत होती. कान माझ्याकडे लावलेले, कीर्तनाला आलेल्या मंडळींसारखे.

वर फ्रँकने हळूच धनुष्य ताणलं. ते बघून मी झटकन तोंड मिटलं.

हरणीची मान ताठ झाली. पाय आपटला. नाकातून जोरात फुस्स! आणि चार पांढऱ्या शेपट्या झाडीत गडप.

"गप्प का झालास?" फ्रँक झाडावरून किंचाळला. अमेरिकेत काय, आयुष्यात मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"पुन्हा ओरड!"

मी ओरडलो, "हट! निघा!" पण राग नसताना आवाजात जीव कुठला येणार? शेवटी कुंदा म्हणाली, "तो एजंट मला काय म्हणाला होता माहीत आहे? तुमचे मिस्टर फार हुशार गिऱ्हाईक आहेत."

झालं! मी असा पेटलो, की हरणं खरोखर परत आली. फ्रँकने बाण लावला, पण हसण्याने त्याची फळी डगडगू लागली. करकर ऐकताच सगळी पसार!

खाली उतरून डोळे पुसत तो म्हणाला, "डिग, ही तुझीच हरणं आहेत. तू रोज ओरडतोस आणि काहीच करत नाहीस. तुझा आवाज आला की माणूस कुठे आहे ते त्यांना कळतं, मग त्यांना काळजी नसते. गप्प माणूस म्हणजे दबा धरलेला माणूस."

"घरीही तसंच आहे," कुंदा म्हणाली. जरा जास्तच लगेच म्हणाली.

म्हणजे उपाय सोपा होता, आणि फुकटचा. मी मळ्यात गप्प बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी माकडटोपी घालून वेलाशेजारी स्टुलावर बसलो. हरणी झाडीच्या कडेला आली, मला बघितलं, पाय आपटला आणि मागे फिरली. कुंदा कौतुकाने चहा घेऊन आली. "जमलं की हो तुम्हाला!"

"न जमायला काय झालं? मी काय त्या एजंटासारखा..."

माझं बोलणं संपेपर्यंत हरणीने अर्धा वेल संपवला.

त्याच दुपारी कुंदाने माझा जुना कोट आणि माकडटोपी घालून एक बुजगावणं स्टुलावर बसवलं. ते आज मागच्या दारापाशी, उद्या वेलाच्या पलीकडे, असं ती रोज जागा बदलून ठेवायची. उरलेल्या शेंगा वेलावर खडखडीत वाळल्या. पेणचं बी हाती आलं.

बर्फ पडायच्या आत मी बुजगावणं काढायला निघालो, तर कुंदाने मला थांबवलं. "राहू द्या हो त्याला. सकाळचं चार शब्द बोलायला बरं पडतं. पूर्ण ऐकून तरी घेतो!"