अब्बांचे सहा नवे कप

मंडळी, आज दुपारी अब्बांचं सामान गावी पाठवायला कार्गोवाला आला आणि सगळं घोडं सहा कपांपाशी अडलं.

साठच्या दशकात अब्बा रत्नागिरीहून दुबईला आले. पहिल्या पगारात इथल्या देरा भागातल्या बाजारातून निळ्या फुलांचा हा सेट घेतला, गावच्या घरासाठी. ते घर बांधून होण्याआधीच अम्मी इथे दुबईत राहायला आली. कप पेटीतच राहिले. अम्मी जन्मभर स्टीलच्या ग्लासातून चहा प्यायली. मागच्या वर्षी ती गेली. आता अब्बा कायमचे गावी निघालेत.

कार्गोवाला यादी करताना म्हणाला, "चाचा, नया लिखेंगे तो कस्टमवाला तंग करेगा. यूज्ड लिखता हूँ."

अब्बा माझ्यावरच भडकले. "कधी वापरलेच नाहीत, मग खोटं कसं लिहायचं?"

"अब्बा, सगळे असंच लिहितात. खलास करा ना आता!"

ऐकतील तर शपथ. उठले, कप स्वतः धुतले आणि मला चहा टाकायला लावला. सहाही कप भरले. दोन कार्गोवाल्याला, दोन मला, एक स्वतःला.

"आणि हा?" मी विचारलं.

"तुझ्या अम्मीचा," म्हणाले आणि तोही सावकाश संपवला. मग कार्गोवाल्याकडे वळले. "अब लिखो. यूज्ड."

तुमच्या घरी 'गावी नेऊ' म्हणून काय काय बांधून ठेवलंय? आमच्याकडे अम्मी असतानाच कुणीतरी विचारायला हवं होतं, हे कप नवे की वापरलेले?