मधल्या खुर्चीचा फोटो

फोटो माणसाला अमर करतो, असं आमचे लोणावळ्याचे फोटोवाले गंभीरपणे सांगत. काळ्या कापडातून डोकं काढून ते मामलेदारालाही "हलू नका!" म्हणून दटावत.

तळेगावला माझ्या भाचीचं लग्न लागलं आणि फोटोसाठी मधल्या खुर्चीवर नवऱ्याचे काका व मामा, दोघांनीही हक्क सांगितला.

"मधी मीच बसनार, न्हाईतर वऱ्हाड माघारी नेतो," मामा गरजले. मुलीचे वडील रडकुंडीला आले.

फोटोवाल्यांनी दोघांना आळीपाळीने मधे बसवलं, दोनदा दटावलं. मिशांवर हात फिरवत दोघेही पंगतीला गेले.

"हे फोटो कधी मिळतील?" मी विचारलं.

"कुटले फोटो, भाऊ? फोटो उमटायची काच एकच आणलेली. ती सकाळीच पोरीच्या न् तिच्या आईच्या फोटोला गेली."